पगारवाढीचा पहिला करार : कोकणातल्या एमआयडीसीत नव्याने युनियन बांधणाऱ्यांसाठी

माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले, आणि आमचे बाबा ट्रंक घेऊन खेड तालुक्यातल्या गावी आले ते कायमचेच. त्यामुळे आमच्या घरात ‘युनियन’ हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारत नसे. पुढे मी लोटे-परशुरामच्या पट्ट्यातल्या एका रसायन कारखान्यात ऑपरेटर झालो आणि आमच्यात बैठका सुरू झाल्या, तेव्हा आई विचारायची, “रात्रीची कसली रे मीटिंग?” मी सांगायचो, क्रिकेटची. टूर्नामेंट आहे म्हणून.

त्या टूर्नामेंटमधून दोन करार झाले. पहिल्या करारात आमचे पगार वाढले, पण कारखान्यातली पगाराची दरीही वाढली, आणि ते कळायला आम्हाला तीन वर्षं लागली. दुसऱ्या करारात त्यातलं थोडं भरून काढता आलं. महाड, रोहा, लोटे, मिरजोळे, कुडाळ इथली मुलं हल्ली फोन करून विचारतात, “काका, सुरुवात कुठून करू?” म्हणून हे एकदाच लिहून ठेवतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. युनियनने पगार वाढतो यात जादू काही नाही. एकटा ऑपरेटर पगार वाढवा म्हणाला, तर सोमवारी त्याच्या जागी दुसरा उभा राहतो. पूर्ण शिफ्ट तेच म्हणाली, तर रिअॅक्टरमधली बॅच अडकते. सगळी ताकद एवढीच. ती वापरून आलेले पैसे कोणाच्या खिशात किती गेले, हे मात्र कंपनी ठरवत नाही. ते बऱ्याच अंशी तुमचं मागणीपत्र ठरवतं.

१. आधी स्वतःची पगारपावती वाचायला शिका

हसू नका. आमच्या पहिल्या बैठकीला बावीस जण होते, त्यांतल्या चौघांकडेच पावती होती. बाकीच्यांचा पगार बँकेत यायचा आणि मोबाइलवरचा मेसेज हीच त्यांची पावती. पगारपावती देणं कायद्याने मालकावर बंधनकारक आहे, मागून घ्या.

पावतीत चार आकडे शोधा : मूळ पगार, महागाई भत्ता किंवा विशेष भत्ता, बाकीचे भत्ते, आणि कपात. महाराष्ट्रात किमान वेतन उद्योगानुसार, परिमंडळानुसार आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा वर्गांनुसार ठरतं. त्यावरचा विशेष भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून, ग्राहक किंमत निर्देशांकाप्रमाणे बदलतो. तुमच्या उद्योगाचा चालू दर कामगार कार्यालयात मिळतो. आधी तो आणि तुमचा पगार शेजारी शेजारी लिहा. कित्येकदा भांडण पगारवाढीचं नसतंच. किमान वेतनच पुरतं मिळत नसतं, आणि मग त्याचा रस्ता वेगळा, थेट दाव्याचा आहे.

आता नवी वेतन संहिता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुने कामगार कायदे एकत्र करून केलेल्या चारही कामगार संहिता लागू झाल्या, त्यांतली ही एक. तीत पगाराची व्याख्या बदलली : घरभाडं, प्रवास वगैरे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त असतील, तर वरचा भाग पगारातच धरायचा. समजा तुम्हाला २०,००० मिळतात, त्यात मूळ पगार ७,००० आणि भत्ते १३,०००. निम्मे म्हणजे १०,०००, म्हणून भत्त्यांतले ३,००० पगारात येतात आणि हिशोबाचा पगार होतो १०,०००. तुमची पीएफची १२ टक्के कपात ८४० वरून १,२०० होते. हातात थोडं कमी येतं आणि पोरं ओरडतात, “पगार कापला!” कापलेला नाही. तेवढीच भर मालकालाही घालावी लागते, आणि ग्रॅच्युइटीही मोठ्या आकड्यावर निघते. हे समजावणं युनियनचं पहिलं काम, कारण नाहीतर कंपनीचा माणूस ते आपल्या पद्धतीने समजावतो.

२. कारखान्यात माणसं किती, ते वहीत उतरवा

गेटवर उभं राहून मोजा. वहीत तीन रकाने पाडा : कायम, मुदतीच्या नेमणुकीवरचे किंवा ट्रेनी, आणि ठेकेदाराचे. शेवटच्या रकान्यात नाव, काम, ठेकेदार कोण आणि किती वर्षं, हे सगळं लिहा.

ही वही आम्ही पहिल्यांदा केलीच नाही. कायम कामगारांची यादी केली आणि झालं. ठेकेदाराची माणसं आमच्याच लाइनीवर, आमच्याच शिफ्टला, तेच ड्रम ढकलत होती, पण जेवायला ती शेडमागे बसायची आणि आम्ही कॅन्टीनमध्ये. सवयीने ती आम्हाला दिसतच नव्हती.

या टप्प्यावरचा सापळा : हुद्दा. कुणाला ‘ऑफिसर’, ‘एक्झिक्युटिव्ह’ असं पत्र दिलेलं असतं आणि तो माणूस दिवसभर व्हॉल्व्हच फिरवत असतो. देखरेखीचं काम करणारा आणि महिना १८,००० च्या वर पगार घेणारा माणूस औद्योगिक संबंध संहितेत, म्हणजे युनियन, वाद आणि संपाच्या नियमांच्या संहितेत, ‘कामगार’ धरला जात नाही. पण बघायचं असतं ते प्रत्यक्ष काम, कागदावरचं नाव नव्हे. अशांकडून रोज काय करतो ते लिहून घ्या, लॉगबुकवरच्या सह्यांचे फोटो ठेवा.

३. स्वतःची युनियन काढायची की मोठ्या युनियनला जोडून घ्यायचं?

दोन्ही चालतं. मोठ्या युनियनकडे वकील असतो, कराराचे नमुने असतात, आणि कंपनी पुढाऱ्याला ओळखत असते. तोटा असा की तो पुढारी तीस कंपन्या सांभाळतो आणि तुमच्या कंपनीतला पॅकिंग आणि प्रोसेसचा फरक त्याला माहीत नसतो. आम्ही मधला मार्ग घेतला : युनियन आमची, सल्लागार बाहेरचा. कारखान्यासारख्या संघटित ठिकाणी बाहेरचे पदाधिकारी एक तृतीयांश किंवा पाच, यांतला जो आकडा कमी, तेवढेच ठेवता येतात. असंघटित क्षेत्रात निम्म्यापर्यंत.

कुणी म्हणेल, युनियन हे मुंबईचं खूळ, कोकणात चालायचं नाही. त्याला सांगा, आयटक ही देशातली पहिली मध्यवर्ती कामगार संघटना १९२० मध्ये उभी करणाऱ्यांतले ना. म. जोशी माणगावजवळच्या गोरेगावचे. आणि अलिबागजवळच्या चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने १९३३ मध्ये खोतांची जमीन कसायचीच नाही असं ठरवलं, आणि सहा वर्षं भाताची खाचरं पडीक ठेवली. भांडण तेही वाट्याचंच होतं : पिकवायचं कुणी आणि न्यायचं कुणी.

४. नोंदणी : कागद आधी, अर्ज नंतर

सात जण अर्ज करू शकतात. पण त्या आस्थापनेतल्या किंवा उद्योगातल्या कामगारांपैकी दहा टक्के किंवा शंभर, यांतला कमी असेल तो आकडा सभासद म्हणून दाखवावा लागतो. आमच्या मुलांनी झेरॉक्सच्या दुकानातून १९२६ च्या कायद्याखालचा जुना अर्ज आणला होता. तसं करू नका. तो कायदा आता औद्योगिक संबंध संहितेत विलीन झाला आहे. तुमच्या भागाचे श्रमिक संघ निबंधक कुठे बसतात ते जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात विचारा आणि नमुना तिथूनच घ्या.

सोबत ठेवायचं :

- युनियनची घटना, म्हणजे नियमावली, आणि ती मंजूर केल्याचा ठराव
- अर्ज करणाऱ्यांना अधिकार दिल्याचा ठराव
- प्रतिज्ञापत्र
- सभासदांची यादी : नाव, वय, काम, कामाची जागा, पत्ता
- पदाधिकाऱ्यांची यादी, त्यांतले बाहेरचे कोण ते स्पष्ट करून
- इतिवृत्ताची वही, उपस्थितांच्या सह्यांसकट
- वर्गणीचं पावतीपुस्तक आणि स्थळप्रती

घटना लिहिताना कुणाची तरी जुनी घटना उतरवून काढाल, सगळेच काढतात. पण सभासद कोण होऊ शकतो, हे कलम स्वतः लिहा. आमच्या घटनेत होतं ‘कंपनीचे कायम कामगार’. एका विशेषणाने ठेकेदाराची माणसं बाहेर राहिली. पुढे ते दोन शब्द बदलायला सर्वसाधारण सभेत तीन तास भांडण झालं, आणि एक जण तर खुर्ची आपटून गेला. ‘कारखान्याच्या आवारात काम करणारा कोणीही कामगार’ असं पहिल्याच दिवशी लिहा.

पैशांचं थोडक्यात : बँकेत खातं, दोघांच्या सह्या, वर्षाला हिशोब. वर्गणी रोख घेऊन वहीत न मांडणारा खजिनदार कंपनीला पाहिजेच असतो. पदाधिकारी ठरले की ‘संरक्षित कामगार’ म्हणून त्यांची नावं मालकाला लेखी कळवायला विसरू नका. वाद चालू असताना कुणाला अचानक काढलं, तर ते पत्र कामी येतं.

५. कंपनी बोलणार कुणाशी?

नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे. हे वाक्य मी वडिलांकडून शिकलो. गिरण्यांत १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली वाटाघाटीचा हक्क एकाच मान्यताप्राप्त संघटनेकडे होता, आणि १९८२ ला कामगार होते दुसरीकडे, सामंतांच्या मागे. अडीच लाख माणसं रस्त्यावर, पण कायद्याच्या टेबलावर त्यांच्यासाठी खुर्ची नाही.

आता संहितेत असं आहे : एकापेक्षा जास्त युनियन असतील, तर मस्टरवरच्या (हजेरीपटावरच्या) ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन वाटाघाटी करते. कुणाकडेच ५१ नसतील तर वाटाघाटी परिषद होते, आणि निदान २० टक्के पाठिंबा असलेल्या युनियनचे प्रतिनिधी त्यात बसतात. त्यामुळे आमच्याकडे जे घडलं ते तुमच्याकडेही घडेल. तुमची युनियन जोरात आली की दोन महिन्यांत दुसरी उगवते, तिला नोटीस बोर्डाची किल्ली लगेच मिळते, आणि तिचा अध्यक्ष एचआरच्या गाडीतून उतरताना दिसतो. चिडू नका. सभासदांच्या सह्यांचे फॉर्म दर वर्षी ताजे करून घ्या.

आणि ‘मस्टरवरच्या’ हा शब्द पुन्हा वाचा. ठेकेदाराचा माणूस ठेकेदाराच्या मस्टरवर असतो. तुमच्या ५१ मध्ये तो मोजला जात नाही, म्हणून त्याला विसरणं सोपं जातं.

६. मागणीपत्र : टक्के की रुपये?

इथे घाई करू नका. माझ्या मते अख्ख्या प्रक्रियेत पगाराची दरी ठरते ती याच कागदावर. गणितासाठी तीन माणसं घेऊ : हेल्पर १४,०००, ऑपरेटर २०,०००, जुना फिटर ३२,०००. सर्वांत वरचा पगार खालच्याच्या सव्वादोन पटींहून किंचित जास्त, आणि अंतर १८,००० चं.

*सरसकट १५ टक्के वाढ.* हेल्परला २,१००, ऑपरेटरला ३,०००, फिटरला ४,८००. कंपनीचा खर्च ९,९००. नवे पगार १६,१००, २३,००० आणि ३६,८००. पट तोच राहिला, पण अंतर २०,७०० झालं. दुकानदार पट विचारत नाही, रुपये मागतो. बांगडा हेल्परला स्वस्त मिळत नाही.

*तेच ९,९०० रुपये, पण प्रत्येकाला सारखे ३,३००.* पगार १७,३००, २३,३०० आणि ३५,३००. अंतर १८,००० वरच थांबलं आणि पट दोनच्या जवळ आला.

*मिश्र : प्रत्येकाला २,२०० आणि वर ५ टक्के.* हेल्परला २,९००, ऑपरेटरला ३,२००, फिटरला ३,८००. खर्च पुन्हा ९,९००. पगार १६,९००, २३,२०० आणि ३५,८००.

तिन्हींत कंपनीच्या तिजोरीतून तेवढेच पैसे गेले, म्हणून कंपनीला यातलं काहीही चालतं. वाटणीचा निर्णय तुमचा आहे.

पहिल्या करारात आम्ही टक्के घेतले. बोलणी करायला बसलेले पाचही जण वरच्या ग्रेडचे होते, मीही. वाईट हेतू नव्हता. आपापल्या घरचं गणित प्रत्येकाने केलं, एवढंच. दुसऱ्या वेळी मी सरसकट रुपयांचा आग्रह धरला, तेव्हा आमच्या सर्वांत जुन्या फिटरने शांतपणे विचारलं, “म्हणजे माझ्या सत्तावीस वर्षांची किंमत त्या परवाच्या पोराएवढीच ना?” त्याला उत्तर देता आलं नाही, आणि त्याचंही खरं होतं. हात बसलेला फिटर चिडून शेजारच्या कंपनीत गेला तर युनियनही लंगडी होते. म्हणून मिश्र पद्धतीवर आलो आणि जुन्यांसाठी सेवावर्षांप्रमाणे वेगळी वेतनवाढ जोडली. तुमच्याकडे सगळे साधारण एकाच ग्रेडचे असतील, तर सरळ रुपये मागा.

महागाई भत्त्याचं कलम स्वतंत्र लिहा. ठरावीक रकमेचा भत्ता पहिल्या वर्षी गोड लागतो, चौथ्या वर्षी त्यात काही उरत नाही. भत्ता निर्देशांकाला बांधून घ्या : अमुक अंक वाढला की अमुक रुपये. प्रति अंक रुपये सर्वांना सारखे ठेवले, तर खालच्या पगाराला महागाईची भरपाई प्रमाणात जास्त मिळते. मुंबईच्या जुन्या कामगार चळवळीने याच कलमावर किती शाई खर्च केली असेल, त्याला हिशोब नाही.

बाहेरच्या देशांचं उदाहरण लोक बैठकीत देतात, तेही सांगतो. स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये किमान वेतनाचा कायदाच नाही. दर ठरतात ते युनियन आणि मालकसंघांच्या करारांत, आणि पगारातली दरी जगात सर्वांत कमी असलेल्या देशांत ते मोडतात. अमेरिकेत १९५० च्या दशकात पगारदारांपैकी जवळपास एक तृतीयांश युनियनमध्ये होते, आता दहातला एक असतो, आणि दरम्यान तिथली दरी रुंदावली. सगळं खापर युनियन आटण्यावर फोडता येत नाही, नवी यंत्रं आणि परदेशी माल हीही कारणं आहेत. पण दर जितक्या जास्त माणसांना एकत्र लागू, तितकी दरी कमी, हे आम्हाला शंभर माणसांच्या कारखान्यातही दिसलं. शिवाय आमच्या करारानंतर शेजारच्या कंपनीने, जिथे युनियन नव्हती तिथे, दिवाळीआधी आपणहून हेल्परचे पगार वाढवले. कशासाठी, ते त्यांच्या चहावाल्यालाही माहीत होतं.

७. ठेकेदाराची माणसं : आमची चूक

वरच्या गणितात चौथा माणूस घाला. ठेकेदाराचा हेल्पर, पगार १२,५००. कायम हेल्परचे १४,००० चे १७,३०० झाले, याचे तिथेच राहिले. दोघांतलं अंतर १,५०० होतं, ते ४,८०० झालं. ड्रम तोच, वासही तोच.

आणि यात नुकसान फक्त त्याचं नाही. कायम माणूस जितका महाग होतो, तितकी त्याच्या जागी ठेक्याचा माणूस आणायची ओढ वाढते. आमचे अकरा जण तीन वर्षांत निवृत्त झाले आणि त्या अकराही जागांवर ठेकेदाराची पोरं आली. पुढच्या वाटाघाटीला बसलो, तेव्हा साहेब हसून म्हणाले, “तुमच्याशिवायही प्लँट चालतो, पाहिलंत ना?”

म्हणून मागणीपत्रात हे असू द्या :

- सारख्या कामाला सारखं वेतन. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये जगजित सिंग खटल्यात पंजाब सरकारच्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांबाबत हे तत्त्व मान्य केलं आहे. तो निकाल सरकारी नोकरीतला असला, तरी टेबलावर ठेवायला वजनदार आहे.
- रिकाम्या झालेल्या कायम जागा किती मुदतीत आणि कशा भरणार.
- ठेकेदार बदलला तरी माणसं तीच राहतील.
- ठेकेदाराने पगार थकवला तर कंपनी देईल. मूळ मालकाची ही जबाबदारी कायद्यातच आहे, पण करारात लिहिलेली असली की मुकादमाशी वाद घालावा लागत नाही.

त्यांना सभासद करताना एक काळजी घ्या. ठेकेदार एका फोनवर त्यांना घरी बसवू शकतो, म्हणून त्यांची यादी नोटीस बोर्डावर लावू नका.

कारखान्याबाहेरच्यांसाठी दोन शब्द. कोळंबी सोलणाऱ्या, काजू फोडणाऱ्या बायका किलोवर काम करतात. किलोचा दर काहीही असो, पूर्ण दिवस काम केल्यावर रोजच्या किमान वेतनापेक्षा कमी पडू नये, हे तत्त्व त्यांनाही लागू आहे. त्यांची पहिली मागणी बहुधा दराची नसतेच, वजनाची असते. बर्फात बोटं बधिर करून सोललेली कोळंबी टोपलीत किती वेळ निथळत ठेवून मग काट्यावर चढवायची, यावर दिवसाची कमाई वरखाली होते. रत्नागिरीच्या मिरकरवाड्याजवळ राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने मला हे सांगितलं तेव्हा मागणीपत्र म्हणजे काय ते मला नव्याने कळलं. अशा ठिकाणी कंपनीनिहाय युनियनपेक्षा अख्ख्या धंद्याची एक संघटना बरी. माथाडींनी तेच केलं. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला, आणि मजुरी थेट मंडळात भरायची पद्धत बसली. हमाल एकाच्या गोदामातून दुसऱ्याच्या गोदामात गेला तरी त्याचा पीएफ आणि बोनस सुटला नाही.

८. टेबलावर बसण्याआधी कंपनीचा ताळेबंद बघा

कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असो वा पब्लिक, कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर १०० रुपये भरून तिचे दाखल केलेले कागद बघता येतात. तीन वर्षांची विक्री, नफा आणि ‘कर्मचारी लाभ खर्च’ ही ओळ उतरवा.

इथेही सापळा आहे. ठेक्याच्या मजुरीचे पैसे पुष्कळदा या ओळीत नसतात, ते ‘इतर खर्चा’त मजुरी म्हणून पडलेले असतात. त्यामुळे कंपनी एक तर दाखवते की पगारखर्च फार नाही, किंवा म्हणते की इतर खर्चाने कंबर मोडली. जोडटिपा उघडा आणि दोन्ही आकडे एकत्र करा.

बोलणी करायला पाच जण बसत असतील, तर त्यांत एक हेल्पर, एक बाई असल्यास ती, आणि एक ठेक्याचा माणूस असलाच पाहिजे. बोलायला बुजतील. बुजू देत. ती खोलीत असली की आपलं बोलणं आपोआप बदलतं. बैठक संपताच त्याच दिवशी दोन ओळींचं इतिवृत्त लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. ‘साहेब तोंडी हो म्हणाले’ याला किंमत नाही. ते साहेब आता गुजरातेत असतात.

९. गाडं अडलं तर

समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे वाद मिटवायला बसणाऱ्या सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे, जा. तिथे साधारण ४५ दिवसांत निकाल लागावा अशी अपेक्षा आहे. तोडगा निघाला नाही, तर अहवालानंतर ९० दिवसांच्या आत न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. ती तारीख चुकवू नका.

संपाची भाषा लवकर करू नका, आणि केलीत तर नियम पाळा. १४ दिवसांची आगाऊ नोटीस लागते. समेटाची कारवाई चालू असताना आणि ती संपल्यावर सात दिवस संप करता येत नाही. नोटीस गेली की अधिकारी बैठक लावतो, म्हणून ‘पंधराव्या दिवशी गेट बंद’ असं जे पोरं बोलतात ते तसं होत नाही. नोटीस न देता दहा किंवा अधिक जणांनी मिळून दांडी मारली, तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येतो.

आणि खास कोकणासाठी : निम्म्या किंवा जास्त कामगारांनी संगनमताने एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली, तरी संहिता तिला संप म्हणते. गणपतीला आपल्याकडे अर्धा कारखाना सुट्टीवर असतो, त्याला कुणी संप म्हणणार नाही. पण वाद चालू असेल, तर गणपती-शिमग्याच्या रजांचे अर्ज आधीपासून, वेगवेगळ्या तारखांना, पोच घेऊन द्या. एकाच हस्ताक्षरातले तीस अर्ज एकाच सकाळी गेले, तर बाप्पासुद्धा साक्षीला येणार नाही. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. आमच्या तिघांना त्यावरून नोटिसा आल्या होत्या.

१०. सही करण्याआधी आणि केल्यानंतर

करार दोन प्रकारे होतो. तुम्ही आणि कंपनी दोघांतच केलेला करार सह्या करणाऱ्या पक्षांनाच बांधतो. समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार सगळ्यांना लागू होतो, सभासद नसलेल्यांना आणि उद्या नोकरीला लागणाऱ्यांनाही. जुने पुढारी त्याला अजून ‘बारा-तीनचा करार’ म्हणतात, जुन्या कायद्यातल्या कलमावरून. दोन्ही बाजू राजी असल्या तरी समेट अधिकाऱ्यासमोरच करा. नाहीतर दुसऱ्या युनियनचे लोक बाहेर राहतात आणि एकाच मशिनवर दोन दर सुरू होतात.

शेवटचा मसुदा एकदा सर्वांसमोर मोठ्याने वाचा. ‘उत्पादन वाढवण्यास सहकार्य’ हे वाक्य प्रत्येक करारात असतं. किती, कोणत्या मशिनवर, किती माणसांत, हे आकड्यांत नसेल, तर पुढे माणसं कमी करायचं लायसन तेच वाक्य होतं. ‘हजेरी भत्ता’ मूळ पगारातून वळवलेला नाही ना, ते बघा. वाढ मूळ पगारात किती आणि भत्त्यांत किती, हे प्रत्येक ग्रेडसाठी वेगळं लिहून घ्या. थकबाकी कधी, किती हप्त्यांत, आणि दरम्यान निवृत्त झालेल्यांना मिळणार का? आमच्यातल्या एकाची थकबाकी या एका ओळीअभावी राहिली. अजून भेटला की तो दुसरीकडे बघतो.

सही झाल्यावर पेढे वाटा, पण पहिल्या वाढीव पगाराच्या दिवशी युनियनच्या टेबलावर बसा आणि प्रत्येक ग्रेडची एक पगारपावती कराराशी ताडून बघा. ठेक्याच्या माणसाची पावती आधी बघा, चूक बहुधा तिथे असते. मुदत संपली तरी रीतसर नोटीस देऊन तिचे ६० दिवस संपेपर्यंत करार चालूच राहतो, आणि कंपनीला घाई नसते. म्हणून आमचा सेक्रेटरी दर वर्षी नवं कालनिर्णय आलं की करार संपायच्या तीन महिने आधीच्या तारखेवर लाल पेनाने गोल करतो आणि शेजारी लिहितो, ‘वही काढा’. ही वही म्हणजे ती गेटवरची, तीन रकान्यांची.